मामांच्या पद्मिनीच्या किल्ल्या : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार. मिरज

मामांची प्रीमियर पद्मिनी आज शेडमधून बाहेर ढकलली. १९८२ ची गाडी, मूळची पांढरी, आता खडीसाखरेच्या रंगाची झालेली. मामा गेले त्याला नऊ वर्षं होत आली, तेव्हापासून तिचं चाक फिरलेलं नाही. इंजिन, ब्रेक आणि वायरिंगची वही वेगळी आहे. ही वही फक्त कुलपांची आणि किल्ल्यांची. हे काम किरकोळ म्हणून शेवटी ठेवलं तर एके दिवशी कुणीतरी ड्रिल मारून मोकळं होईल, याची मला खात्री आहे.

आज काय सापडलं ते लिहून ठेवतो. उजव्या पुढच्या दाराचं कुलूप मूळचं आहे आणि त्याची एकुलती एक किल्ली मामींच्या जुडग्यात आहे. कपाटाची, कोठीची, मागच्या दाराची आणि ही, अशा चार किल्ल्या गेली नऊ वर्षं त्यांच्या कमरेला. ती दारात सरळ जाते, पण फिरवताना जरा वर उचलून धरावी लागते. डाव्या दाराचं हँडल मध्ये केव्हातरी बदललंय, त्याच्या किल्लीचा पत्ता नाही. डिकी बंद. आत काय आहे कुणाला आठवत नाही. पेट्रोलच्या टाकीला बाजारातलं कुलपाचं झाकण, त्याचीही किल्ली गेलेली. इग्निशनला तर कुलूपच उरलेलं नाही. स्विचच्या जागी लाकडाची गुट्टी ठोकलीय आणि डॅशबोर्डखाली एक टॉगल आणि एक दाबायचं बटण लावलंय. टॉगल वर केला की इग्निशन चालू, बटण दाबलं की स्टार्टर. गाडीत शिरलेलं कुठलंही पोर ती चालू करू शकतं.

मामींची किल्ली डिकीलाही लावून पाहिली. आत गेली, फिरली नाही. जोर केला नाही.

मिस्त्री म्हणाले, "दादा, नवीन लॉक सेट टाकू या. दुपारपर्यंत विषय संपतोय." त्यांचं चुकीचं नाही. पण उजव्या दाराचं ते कुलूप मामांनी चौतीस वर्षं रोज उघडलंय. ते काढून कचऱ्यात टाकायला माझा हात होणार नाही. असलेली कुलपं दुरुस्त करायची, नसलेली शोधायची आणि शक्य तितकी एकाच किल्लीवर आणायची, असं ठरवलं.

१४ जानेवारी, मंगळवार. कोल्हापूर

संक्रांतीला मामी आल्या होत्या. तिळगूळ देऊन झाल्यावर त्यांनी स्वतःच जुडग्यातून किल्ली सोडवून माझ्या हातावर ठेवली. "हरवू नकोस," एवढंच म्हणाल्या.

रात्री व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) आणि भिंग घेऊन बसलो. किल्ली पितळेची, वरचं निकेल कधीच गेलेलं. पाच खाचा. खाचांमधले उंचवटे धारदार असायला हवेत, ते समुद्रावरच्या गोट्यासारखे गुळगुळीत झालेत. अशी किल्ली मशीनवर धरून तिची नक्कल काढणं हीच सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट गोष्ट. मशीन प्रामाणिकपणे झिजसुद्धा उतरवून काढतं आणि वर स्वतःची थोडी चूक घालतं. पुढे त्या नकलेची नक्कल निघते. तिसऱ्या पिढीला किल्ली फक्त आकारानं किल्ली राहते.

१९ जानेवारी, रविवार. मिरज

आज डिकी उघडली. हा दिवस नीट लिहायचा आहे.

स्टेशनच्या बाजूला बसणाऱ्या किल्लीवाल्या चाचांना घरी घेऊन आलो. आल्या आल्या त्यांनी आरसी मागितली. गाडी अजून मामांच्याच नावावर आहे. मालक मयत असेल तर नाव बदलायला फॉर्म ३१ भरावा लागतो, तो भरून झालाय पण काम पुढे सरकलेलं नाही. मामींनी कागद दाखवले, चाचांनी चॅसिस नंबर स्वतः वाचून ताडून पाहिला आणि मगच पेटी उघडली. मला ते फार आवडलं. ज्याच्या हातात कुठलंही कुलूप उघडायची कला आहे, त्यानं असंच वागायला हवं.

पहिला अर्धा तास काहीच केलं नाही. कुलपात गंज सोडवणारं तेल सोडलं, मुठीनं हलके ठोके मारले, चहा घेतला. मग चाचांनी आपल्या डब्यातून एक कोरी किल्ली निवडली. कोरी किल्लीही कुठलीही चालत नाही. किल्लीच्या अंगावर दोन्ही बाजूंनी लांबट पन्हाळ्या असतात आणि कुलपाच्या तोंडाची फट नेमकी त्याच आकाराची असते. पन्हाळी जुळली नाही तर किल्ली आतच जात नाही. त्यांनी मामींची किल्ली आणि कोरी किल्ली टोकाकडून शेजारी धरून पाहिल्या. जुळल्या.

मेणबत्तीच्या ज्योतीवर कोऱ्या किल्लीची कड काजळून घेतली. कुलपात घातली, पक्कडीनं धरून अगदी थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे दाबली, बाहेर काढली. काजळीवर बारीक चकाकते ठिपके उमटले होते. कुलपातल्या पातळ पितळी पत्त्या जिथे अडतात तिथेच ते ठिपके येतात. त्या जागी त्रिकोणी कानस दोनदा फिरवली, पुन्हा काजळी, पुन्हा आत. मिरजेत सतार-तंबोऱ्याची जवारी काढणारे, म्हणजे घोडी घासून सूर मोकळा करणारे कारागीर असंच करतात. घोडीवर कानशीचा एक हात मारायचा, थांबायचं, तार छेडून ऐकायचं, मग दुसरा हात. चाचा कानांऐवजी बोटांनी ऐकत होते. ज्या जागचा ठिपका उमटायचा थांबला, त्या जागेला परत हात लावायचा नाही. एक घास जास्त गेला की कोरी किल्ली फुकट आणि पहिल्यापासून सुरुवात.

पन्नास मिनिटं लागली. शेवटी किल्ली फिरली तेव्हा आवाजसुद्धा आला नाही, फक्त चाचांच्या मनगटाचा सांधा वळलेला दिसला. डिकीत स्टेपनी, जॅक, रॉकेलचा रिकामा डबा आणि चटईची गुंडाळी. मामी चटई घेऊन आत गेल्या.

२० जानेवारी, सोमवार. रात्री

झोप लागेना म्हणून उठून दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. चाचांनी घासलेली डिकीची आणि मामींची दाराची. व्हर्नियरनं पाचही जागी मोजलं. पहिली खाच जवळपास सारखी. दुसरी सारखी. तिसरी मामींच्या किल्लीवर जरा खोल. चौथीला फरक सगळ्यात जास्त. पाचवी सारखी.

ही एकच किल्ली आहे! डिकी आणि उजवं दार एकाच किल्लीवर होती. दार रोज उघडलं गेलं, त्यामुळे किल्ली झिजली आणि तिच्याबरोबर दारातल्या पत्त्याही झिजल्या. दोघी एकमेकींना सांभाळून घेत राहिल्या. डिकी क्वचित उघडली जायची, तिच्या पत्त्या शाबूत राहिल्या आणि झिजलेल्या किल्लीला त्यांनी एक दिवस ओळख देणं बंद केलं. डिकीची किल्ली हरवलेलीच नव्हती. ती सगळा वेळ मामींच्या कमरेला होती.

म्हणजे या गाडीच्या किल्लीची खरी मापं डिकीच्या कुलपात सुरक्षित आहेत. झिजलेल्या किल्लीवरून अंदाज बांधायची गरजच उरली नाही.

२६ जानेवारी, रविवार. मिरज

उजव्या दाराचं पॅड काढलं. काच मशीनचं हँडल, आतलं हँडल, मग कडेनं पॅडचे खटके. आतला पुठ्ठा ओलीनं फुगून पापडासारखा झालाय, तो नवा कापावा लागेल.

बाहेरच्या हँडलचे स्क्रू मात्र जागचे हलेनात. मिस्त्री गॅसची बत्ती पेटवायला निघाले होते, मी थांबवलं. हँडल मझाकचं आहे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव. ते साधारण ३८५ अंशाला वितळतं. लोखंडाच्या स्क्रूला लाली यायच्या आधीच हँडलचा चिखल झाला असता. उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं हँडलवर गुंडाळायचं, निवलं की तेल सोडायचं, पुन्हा गरम फडकं. पाचव्या फेरीला एक स्क्रू सुटला, आठव्या फेरीला दुसरा.

हँडलमधून कुलपाचा गाभा बाहेर काढला. आतून तपकिरी चिकटा निघाला, गुळाच्या काकवीसारखा. मामा दर दिवाळीला खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायचे, मामींनी सांगितलं. प्रेमानं केलेलं काम आहे, पण खोबरेल कुलपात कालांतरानं चिकट होतं आणि येणारी धूळ धरून ठेवतं. टर्पेंटाइनमध्ये रात्रभर बुडवून ठेवलं.

पत्तीच्या कुलपाची रचना इथे लिहून ठेवतो, पुढे गोंधळ नको. गाभा म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा दांडा. त्यात आडव्या चिरा, प्रत्येक चिरेत एक पातळ पितळी पत्ती, पत्तीच्या कडेला केसाएवढी स्प्रिंग. पत्तीच्या मधोमध चौकोनी खिडकी असते आणि त्या खिडकीतून किल्ली जाते. सगळ्या पत्त्या बाहेरून सारख्या, फक्त खिडकीची जागा कुठे वर, कुठे खाली. किल्ली नसताना स्प्रिंग पत्तीला बाहेर ढकलते, तिचं टोक भोवतालच्या घराच्या खाचेत अडकतं आणि गाभा फिरत नाही. बरोबर किल्ली आत गेली की प्रत्येक खाच आपापल्या पत्तीला नेमकी इतकी हलवते की सगळ्या पत्त्या गाभ्याच्या पृष्ठभागाशी सपाट होतात. बोट फिरवलं तर कुठेच काही लागत नाही. एवढंच. आणि म्हणूनच कुलूप दुसऱ्या किल्लीवर आणायचं तर गाभा बदलावा लागत नाही, पत्त्यांचा क्रम बदलावा लागतो.

२ फेब्रुवारी, रविवार. मिरज

धुऊन निघालेल्या पत्त्या पांढऱ्या कागदावर मांडल्या. डिकीच्या पाचही चांगल्या. दाराच्या पाचांपैकी दोन खिडकीच्या कडेनं झिजून तिरक्या झाल्यात, एकीचा कान तुटलाय. तीन स्प्रिंगा मेलेल्या. डिकीच्या पत्त्या मोजल्या तेव्हा दिसलं की खिडक्यांच्या उंचीत चारच प्रकार आहेत आणि एका प्रकारातून दुसऱ्यात साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक. तेव्हा गाडीची किल्ली म्हणजे पाच आकडे, प्रत्येक आकडा एक ते चारमधला. ते पाच आकडे मी इथे लिहिणार नाही. कुलपाचा क्रमांक वहीत लिहून वही चार माणसांना दाखवणं म्हणजे किल्लीच वाटणं.

आता खरा प्रश्न. दाराचं कुलूप मूळ आकड्यांवर दुरुस्त केलं तर ते घट्ट आणि नीट चालेल, पण मामींची जुनी किल्ली त्यात फिरणार नाही, जशी डिकीत फिरली नाही. उलट जुन्या किल्लीला सांभाळायचं तर पत्त्या त्या झिजेप्रमाणे घासाव्या लागतील आणि मग ते कुलूप जवळपासच्या आणखी कितीतरी किल्ल्यांनी उघडेल. किल्ली कुलपात घालून वर आलेल्या पत्त्यांच्या टोकांवरून सरळ कानस फिरवायची, ही पद्धत बाजारात सर्रास चालते. दहा मिनिटांत काम होतं, गिऱ्हाईक खूश. पण पत्तीचं टोक आखूड झालं की ते घराच्या खाचेत पुरेसं धरत नाही. असं कुलूप पेचकसाच्या टोकानंही फिरतं. मी ते करणार नाही.

हे मी एकट्यानं ठरवायचं नव्हतं. मामींना दोन्ही बाजू सांगितल्या. त्या थोडा वेळ पत्त्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना अर्धवट केलेलं काम आवडायचं नाही. नीट कर."

८ फेब्रुवारी, शनिवार. मुंबई, कुर्ला

डाव्या दारासाठी मामींच्या किल्लीच्याच पन्हाळीचं कुलूप हवं आणि इग्निशनचा मूळ धाटणीचा स्विच हवा. कोल्हापुरात आणि पुण्यात नाना पेठेत फोनाफोनी करून झाली, नुसते नवे सेट. म्हणून रात्रीच्या गाडीनं मुंबई.

ही गाडी कुर्ल्यातच जन्मली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना इथे होता. फियाट ११०० इथेच बनायची. त्यातल्या जुन्या गोलसर गाडीला आपल्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणत. मग १९६४ ची डिलाइट आली, आणि १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी. १०८९ सीसीचं तेच इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तोच गियर. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटच्या गाडीची नोंदणी २००३ ची, त्यामुळे तारीख आधीच ठरलेली होती. त्या टॅक्सींचे अवयव अजून इथल्या भंगारवाल्यांकडे गोण्यांत पडलेत.

तीन दुकानांत गोण्या उपसल्या. खिशात चाचांनी दिलेली एक कोरी किल्ली नेली होती. ती प्रत्येक कुलपाच्या तोंडात घालून पाहायची. आत गेली तर पन्हाळी आपली, नाही गेली तर बाजूला. तासाभरात बोटं काळी झाली. चौदा कुलपांत तीन जुळली. दोन दारांच्या हँडलची, एक नुसता गाभा. इग्निशनचे दोन स्विच मिळाले, एकाला किल्ली लटकलेली. ती पार झिजून पान झालेली. कुणा टॅक्सीवाल्यानं दिवसातून किती वेळा फिरवली असेल. दुकानदारानं सगळ्याचे मिळून नऊशे रुपये घेतले आणि मोडक्या गाभ्यांतल्या मूठभर पत्त्या-स्प्रिंगा तशाच कागदात बांधून दिल्या. घरी येऊन निवडल्यावर कळलं, खरा खजिना तोच होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार. हुपरी

शिवजयंतीची सुट्टी. सगळ्या पत्त्या प्रकारवार लावल्या. पहिला आणि दुसरा प्रकार भरपूर, तिसरा पुरेसा, चौथ्या प्रकारच्या दोन कमी. आणि आपल्या किल्लीत चौथा आहेच. दुसऱ्या प्रकारची खिडकी कानशीनं वाढवून चौथी बनवता येत नाही, कारण खिडकीची एक कड खाली सरकली तरी दुसरी कड जागेवरच राहते आणि किल्लीत पत्ती खुळखुळते. नवीनच करायला हव्यात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारलं तर दोन पत्त्यांसाठी कुणी मशीन लावायला तयार नाही, आणि ते बरोबरही आहे. मग हुपरीला चांदीचं काम करणारे ओळखीचे एक कारागीर आहेत त्यांच्याकडे गेलो. पितळी पत्रा त्यांच्याकडे होता, मूळ पत्तीच्या जाडीचा शोधायला दहा मिनिटं गेली. आधी बाहेरचा आकार आखून कापला, मग मधोमध भोक पाडून त्यातून केसासारखं करवतीचं पातं ओवलं आणि खिडकी कापली. पैंजणांवर जाळी कापणारा हात तो. मी व्हर्नियर लावून मोजत होतो, ते नजरेनंच सांगत होते, "अजून एक केस." चार पत्त्या केल्या, दोन जादा. पैसे विचारले तर म्हणाले, "याचे काय घ्यायचे? गाडी चालू झाली की एकदा इकडं आणा."

२३ फेब्रुवारी, रविवार. मिरज

आज उजव्या दाराचा गाभा भरायला बसलो आणि दुपारपर्यंत फसलो. नवी किल्ली (डिकीच्या मापांवरून चाचांनी कोऱ्या पितळेतून हातानं काढलेली) आत घातली तर चार पत्त्या सपाट आणि एक किंचित वर. पत्ती बदलून पाहिली, तरी वर. पत्ती पुन्हा मोजली, माप बरोबर. शेवटी भिंगातून चिरेत पाहिलं तर तळाशी जुन्या चिकट्याचा एक कडक थर उरलेला. पत्ती त्यावर बसत होती. लाकडी काडीच्या टोकानं खरवडला, पाचही सपाट झाल्या. बोट फिरवलं. गुळगुळीत.

स्प्रिंगा बसवताना टेबलाखाली जुनी पांढरी चादर अंथरा आणि गाभा मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून भरा. एक स्प्रिंग उडाली ती पिशवीतच सापडली. पिशवी नसती तर ती शेजारच्या कौलांवर गेली असती.

वंगण म्हणून फक्त ग्रॅफाइटची पूड, तीही चिमूटभर. मऊ पेन्सिलीचं शिसं ब्लेडनं खरवडून कागदाच्या घडीतून फुंकलं तरी काम होतं. तेल नाही. खोबरेल तर नाहीच.

२ मार्च, रविवार. मिरज

डावं दार. कुर्ल्याच्या दोन हँडलांपैकी चांगल्या क्रोमचं निवडलं, त्यातला गाभा खोलून आपल्या पाच आकड्यांवर पत्त्या लावल्या. सकाळी नऊला सुरू, साडेदहाला संपलं. एकदा हात बसला की एवढंच काम.

टाकीचं झाकण चाचांनी पाच मिनिटांत उघडलं. त्याचं कुलूप इतकं हलकं आहे की त्याला नवी किल्ली करण्यात अर्थ नाही. बिनकुलपाचं साधं झाकण बसवलं.

९ मार्च, रविवार. मिरज

इग्निशन. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मग टॉगल आणि बटणाच्या वायरी एकेक करून ओळखल्या आणि प्रत्येकीला कागदी चिठ्ठी बांधली. एक बॅटरीकडून येणारी, एक कॉइलकडे (ठिणगीसाठी करंट देणारी) जाणारी, एक स्टार्टरकडे. टॉगलची अडचण फक्त चोरीची नव्हती. इंजिन बंद पडल्यावर टॉगल वरच राहिला आणि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे) नेमके मिटलेले असले तर कॉइलमधून करंट वाहत राहतो, कॉइल तापते आणि बॅटरीही उतरते. किल्ली हातात घेऊन गाडीतून उतरायची सवय त्यासाठीच लागते.

कुर्ल्याच्या स्विचची पन्हाळी दाराच्या किल्लीपेक्षा वेगळी आहे. कितीही पत्त्या बदलल्या तरी दाराची किल्ली त्याच्या तोंडातच जाणार नाही. सगळ्या गाडीला एकच किल्ली हा हट्ट इथे सोडला. दोन किल्ल्या राहतील, दारं आणि डिकीची एक, इग्निशनची एक. किल्ली ठरावीक जागी फिरवून बाजूच्या बारीक भोकातून टाचणीनं खटका दाबला की स्विचचा गाभा सरकून बाहेर येतो. टॅक्सीची पानासारखी झालेली किल्ली वापरायची नव्हती आणि तो जुना क्रमही ठेवायचा नव्हता, कारण त्याच्या नकला कुणाकुणाकडे असतील सांगता येत नाही. दुसऱ्या स्विचमधल्या पत्त्या मिसळून नवा क्रम लावला.

गुट्टी काढली तर भोकाची कड दातरलेली निघाली. अर्धगोल कानशीनं साफ केली, स्विच बसवला, टेस्ट लॅम्प लावून तिन्ही जागा तपासल्या. मग बॅटरी जोडली. किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला, आणखी फिरवली, स्टार्टर ओढला. सोडली, परत आली. बंद केली, दिवा विझला. टॉगल आणि बटण काढून मिस्त्रींच्या हातात दिलं.

१६ मार्च, रविवार. मिरज

चाचांकडून दोन्ही किल्ल्यांच्या तीन-तीन प्रती. सगळ्या मापांवरून, एकीवरून दुसरी नाही. प्रत्येक प्रत प्रत्येक कुलपात दहा-दहा वेळा फिरवून पाहिली. एक इग्निशनची प्रत काढताना अडकत होती, चाचांनी तिच्या उताराला कानशीचा एकच हात मारला आणि ती सुटली. आकड्यांच्या दोन चिठ्ठ्या केल्या, एक मामींच्या बँकेतल्या लॉकरमध्ये, एक माझ्याकडे, आणि चिठ्ठीवर गाडीचं नाव नाही.

डाव्या मागच्या दाराचा आतला खटका ढिला आहे, तो नंतर. त्याला किल्लीशी काही देणंघेणं नाही.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा, मिरज

सकाळी गुढी उभारून झाल्यावर गाडी अंगणात घेतली. हँडलला झेंडूची माळ घातली. मामी जुडगा घेऊनच बाहेर आल्या. जुनी किल्ली मी त्यांना गेल्या महिन्यातच परत दिली होती, ती पुन्हा कपाटाच्या किल्लीशेजारी अडकवलेली. आधी त्यांनी तीच लावली. सवयीनं थोडी वर उचलून धरली, डावीकडे वळवली. फिरली नाही. पुन्हा एकदा केलं. मी काही बोललो नाही, त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

मग नवी दिली. त्यांनी ती सरळ धरली, न उचलता, आणि दार उघडलं. नवी किल्ली जुडग्यात अडकवताना मी जुनी काढायला हात पुढे केला तर जुडगा मागे घेतला. "असू दे," म्हणाल्या, "तिला काय वजन आहे?"

आता कमरेला पाच किल्ल्या. इग्निशनची माझ्याकडे ठेवायला सांगितलीय. फेरा मारून डाव्या बाजूला गेल्या, ते दार नव्या किल्लीनं स्वतः उघडलं आणि मामा चालवायचे तेव्हा बसायच्या त्याच जागेवर जाऊन बसल्या.